पणतीचा उजेड फ्लेक्सवर उतरवताना

तासगावहून एका मुलीचा प्रश्न आला आहे. डिझाइनच्या दुकानात ती दीड वर्षापासून काम करते. त्रिपुरी पौर्णिमेच्या दीपोत्सवासाठी तिने १० बाय ८ फुटांचा फ्लेक्स केला. नदीचा घाट, निळं आकाश, पायऱ्यांवर पणत्यांची रांग आणि पुढे हातात मोठी पणती धरलेली बाई. ज्योतींना फोटोशॉपमधला आउटर ग्लो, म्हणजे आकाराभोवती चमक पसरवणारा आयता इफेक्ट दिला, साइजची पट्टी शेवटपर्यंत ओढली. मॉनिटरवर बरं दिसलं. छापून आलं तेव्हा ज्योतीभोवती पिवळी पट्टी चिकटवल्यासारखी दिसत होती आणि तिच्या कडेने मळकट राखाडी वलय. "काका, सेटिंगमध्ये नेमकं काय चुकलं?" असं विचारून तिने फाइलही पाठवली आहे.

फाइल मी उघडली, चित्राचा एकेक लेयर, म्हणजे थर, बंद-चालू करून पाहिला. सेटिंग चुकलंय, ते पुढे सांगतोच. पण नुसतं सेटिंग दुरुस्त करून तुझी पणती पेटलेली दिसणार नाही, कारण तुझ्या चित्रात अंधारच नाही. आकाश ठळक निळं आहे, घाटाच्या पायऱ्या दुपारच्या उन्हातल्या आहेत, बाईची साडी काठापासून पदरापर्यंत लख्ख दिसतेय. एवढ्या उजेडात खरी पणती लावली तरी काय होतं? दिवाळीत दुपारी चार वाजता अंगणात एक लावून बघ. ज्योत दिसते, उजेड दिसत नाही.

मी सांगलीत आधी एका पेंटरकडे हाताने बोर्ड रंगवायला शिकलो, नंतर कॉम्प्युटरवर आलो. बोर्डवर दिवा काढायचा असला की आमचे पेंटर पहिल्यांदा पिवळ्या डब्याला हातच लावू द्यायचे नाहीत. आधी तपकिरी आणि काळा. सगळा पत्रा अंधारात गेला, फक्त दिव्यापुरती जागा कोरी राहिली, की मग पिवळा. तेव्हा मला ते उलटं वाटायचं. आज माउस हातात असला तरी मी त्याच क्रमाने काम करतो, आणि तूही त्याच क्रमाने करावंस असं मला मनापासून वाटतं.

यामागे साधं कारण आहे. मॉनिटर स्वतः उजेड टाकतो. फ्लेक्सला स्वतःचा उजेड नाही; त्याच्यावर जेवढा पडतो त्यातला काही भाग तो परत पाठवतो. म्हणजे फ्लेक्सवरची सगळ्यात उजळ जागा कुठली? जिथे शाईच पडलेली नाही ती, कोऱ्या कापडाची. प्रत्येक शाई उजेड कमीच करते, वाढवत नाही. म्हणून छपाईत ग्लो "देता" येत नाही. आजूबाजूचं कमी करून तो राखावा लागतो.

जलरंगात चित्र काढणाऱ्यांना हे पहिल्या दिवसापासून माहीत असतं, कारण त्यांचा पांढरा म्हणजे कोरा कागद. सावळाराम हळदणकरांचं हातात दिवा घेतलेल्या स्त्रीचं चित्र तू कुठे ना कुठे पाहिलं असशीलच. किती घरांत त्याची छापील प्रत लावलेली असते. बरेच लोक ते राजा रविवर्म्याचं समजतात. पण रविवर्मा १९०६ साली गेले आणि हे चित्र १९४५-४६ च्या सुमाराचं आहे. मूळ चित्र म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमधल्या संग्रहालयात आहे, आणि ते जलरंगात आहे. ते समोर ठेव आणि ज्योत विसरून बाकीचं बघ. तिने दुसऱ्या हाताचा आडोसा केलाय आणि बोटांच्या कडा आतून तापल्यासारख्या लाल झाल्यात. उजेड खालून चेहऱ्यावर चढलाय. मागे भिंतीवर तिची सावली आहे. दिवा पेटलेला आहे याची खात्री आपल्याला हात, चेहरा आणि सावली या तिघांकडून पटते. तुझ्या फाइलमध्ये पणतीला ग्लो आहे, पण बाईच्या तळहाताला पणती पेटल्याचा पत्ताच नाही.

आता उजेड बघायचा कसा ते सांगतो. भारनियमनाच्या काळात आमच्याकडे रोज संध्याकाळी वीज जायची आणि मी समईसमोर बसून राहायचो. त्यात चार गोष्टी वेगळ्या ओळखता आल्या. एक गाभा: ज्योतीचा मधला भाग, जवळजवळ पांढरा. दोन वलय: ज्योतीभोवतीचा धूसर रंग, जो खरं तर हवेत फारसा नसतो, आपल्या डोळ्यातल्या आणि कॅमेऱ्याच्या काचेतल्या विखुरलेल्या प्रकाशाचा असतो. तीन, पडलेला उजेड: भिंतीवर, जमिनीवर, चेहऱ्यावर. चार, त्या उजेडाने तयार झालेल्या सावल्या. आउटर ग्लो यातलं फक्त दुसरं करतो. गाभा, पडलेला उजेड आणि सावली तुलाच काढायची आहे.

मोबाइलवर एक प्रयोग कर, पंधरा मिनिटांचा आहे. अंधाऱ्या खोलीत पणती लाव. स्क्रीनवर ज्योतीवर बोट ठेवून एक्स्पोजर कमी कर आणि फोटो काढ. ज्योतीचा आकार, तिच्या बुडाची निळसर छटा, सगळं दिसेल, पण वलय जवळजवळ नाहीसं होईल. मग शेजारी बसलेल्या माणसाच्या चेहऱ्यासाठी एक्स्पोजर वाढव. आता ज्योत पांढरा ठिपका होईल आणि वलय पसरेल. म्हणजे मोठं वलय आणि ज्योतीतले बारकावे एका फोटोत नैसर्गिकपणे येत नाहीत. तुझ्या फाइलमध्ये मात्र ज्योतीचा प्रत्येक पदर स्पष्ट आहे आणि भोवती एवढं मोठं वलय. पाहणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण खोटं आहे हे त्याला कळतं.

आता फाइल. पहिलं काम अंधार. मूळ फोटोवर कर्व्हजचा (उजेड-अंधाराच्या आलेखाचा) ॲडजस्टमेंट लेयर लाव आणि उजवीकडचं वरचं टोक सरळ खाली ओढ, पांढऱ्याचा आउटपुट २५५ वरून ९०-१०० वर येईल इतकं (इथे प्रत्येक रंग ० ते २५५ असा मोजतात). चित्र मेल्यासारखं दिसेल, घाबरू नकोस. वर सॅच्युरेशन पंचवीस-तीसने कमी कर, कारण कमी उजेडात आपल्याला रंग फिके दिसतात. मग मास्कवर, म्हणजे हा बदल कुठे लागावा ते ठरवणाऱ्या पडद्यावर, मोठ्या मऊ ब्रशने फक्त पणतीजवळचा भाग थोडा मोकळा कर. पायऱ्यांवरच्या दुपारच्या सावल्या क्लोन करून काढून टाक, नाहीतर त्या चुगली करतील.

आता ते मळकट वलय कुठून आलं बघ. आउटर ग्लो स्क्रीन मोडमध्ये असतो; मोड म्हणजे वरचा लेयर खालच्यात मिसळण्याची रीत. स्क्रीनचं गणित असं की दोन्ही रंग उलटे करून गुणायचे आणि उत्तर परत उलटं करायचं. एका बाजूला शून्य असेल तर दुसरी बाजू जशीच्या तशी उतरते. तुझं आकाश जिथे निळं १२८ आहे, लाल आणि हिरवा शून्य, तिथे पिवळा ग्लो निम्म्यावर आला की तो लाल १२८, हिरवा १२८, निळा ० असतो. दोन्ही मिळून १२८, १२८, १२८. हा शुद्ध राखाडी झाला. पिवळा आणि निळा एकमेकांचे विरोधी रंग, अर्ध्या वाटेवर ते एकमेकांना मारतात. मॉनिटरवर तो राखाडी चमकत असतो म्हणून खपून जातो. छापताना त्यासाठी सायन (आकाशी निळा), मॅजेंटा (गडद गुलाबी), पिवळा आणि काळा या चारही शाया पडतात आणि चिखल होतो.

यावर उपाय आकाशातच आहे. पणतीच्या आसपास निळा ठेवूच नकोस. तिथे कोमट काळा घे, लाल ३०, हिरवा १५, निळा १० असा काहीतरी, आणि चित्राच्या कडांकडे जाताना तो हळूहळू गडद निळ्यात जाऊ दे. शिवाय वलयाचा बाहेरचा भाग पिवळा नको, विटकरी हवा. खऱ्या ज्योतीभोवतीही तसंच दिसतं: आत फिकट पिवळं, मग सोनेरी, मग नारिंगी, मग अंधारात विरघळणारं लाल. तेलाच्या दिव्याचा प्रकाश सुमारे १९०० केल्विनचा, म्हणजे साध्या पिवळ्या बल्बपेक्षाही जास्त तांबूस. आउटर ग्लोमध्ये आपोआप येणारा फिकट लिंबू रंग मी कधीच तसाच ठेवत नाही.

पट्टी चिकटवल्यासारखी का दिसली, याचं कारणही आकड्यांत आहे. आउटर ग्लोची साइज २५० पिक्सेलच्या पुढे जात नाही. तुझी फाइल ७२ डीपीआयला, म्हणजे इंचाला ७२ पिक्सेल धरून, ८६४० बाय ६९१२ पिक्सेल आहे. २५० पिक्सेल म्हणजे फ्लेक्सवर जेमतेम साडेतीन इंच. दहा फुटांच्या बॅनरवर साडेतीन इंचांत उजेड संपला तर ती पट्टीच दिसणार. व्हिजिटिंग कार्डावर हीच सेटिंग चालून गेली असती.

म्हणून मोठ्या कामाला मी आउटर ग्लोसारख्या आयत्या लेयर स्टाइल वापरत नाही, वलय हाताने रचतो. खऱ्या उजेडाचा उतार विचित्र असतो: अंतर दुप्पट झालं की उजेड चौथ्या हिश्श्यावर येतो. म्हणजे दिव्याजवळ तो फार वेगाने उतरतो आणि लांब गेल्यावर अगदी सावकाश संपतो. एकाच ब्लरने हा उतार येत नाही. ज्योतीचा आकार वेगळ्या लेयरवर घे, स्मार्ट ऑब्जेक्ट कर, म्हणजे ब्लरचा आकडा नंतर बदलता येईल. त्याच्या चार प्रती काढ. तुझी पुढची ज्योत साधारण ४०० पिक्सेल उंच आहे, त्या मानाने गॉशियन ब्लर (आकार धूसर करणारा इफेक्ट) अनुक्रमे २५, ७५, २२५ आणि ६७५ दे. दर वेळी तिप्पट. रंग आतून बाहेर फिकट पिवळा, सोनेरी, नारिंगी, विटकरी. ओपॅसिटी, म्हणजे लेयर किती दाट दिसावा ते, ८०, ५०, ३०, १८ टक्क्यांच्या आसपास. काही जुन्या आवृत्त्यांत ब्लर २५० च्या वर जात नाही. मग शेवटची प्रत पाव आकाराच्या फाइलमध्ये करून चौपट मोठी कर. ब्लरमध्ये बारकावा नसतोच, त्यामुळे काही बिघडत नाही.

मोड कुठला? सगळ्यात आतली प्रत लिनिअर डॉजमध्ये, बाकीच्या स्क्रीनमध्ये. लिनिअर डॉज सरळ बेरीज करतो आणि २५५ ला थांबतो, त्यात रंग बदलण्याचा धोका आहे. २५५, १८०, ६० हा छान नारिंगी घे. तोच त्याच्यावर पुन्हा टाकला की २५५, २५५, १२० होतो, म्हणजे नारिंगीचा फिक्का पिवळा झाला. गाभ्याजवळ तेच हवं असतं. बाहेर नको असतं.

हे चारही लेयर सगळ्यात वर राहू देत, बाईच्या बोटांच्याही वर. तू ग्लो बोटांच्या मागे ठेवलायस, कारण पणती बोटांच्या मागे आहे. विचार बरोबर आहे, पण वलय पणतीजवळ नसतं, पाहणाऱ्याच्या डोळ्यात असतं, त्यामुळे ते पुढच्या वस्तूंच्या कडांवरही थोडं चढतं. बोटाची कड जरा खाल्ल्यासारखी दिसली की दिवा एकदम खरा वाटतो.

आणि मग ज्योत. तिचा मधला भाग जवळजवळ पांढरा कर, २५५, २५०, २२५ इतपत. फक्त टोकाला आणि बुडाला रंग राहू दे. कोऱ्या कापडाची जागा ती हीच. तिच्याकडे हळूहळू उजळत जाणारा रंग असला की मधला पांढरा त्याच फ्लेक्सवरच्या दुसऱ्या कुठल्याही पांढऱ्यापेक्षा उजळ भासतो. डॅनिएले झावान्यो या इटालियन संशोधकाने १९९९ मध्ये या भासावर लिहिलं आहे. तो तुला स्वतः करून बघता येईल: काळ्याकडून पांढऱ्याकडे जाणाऱ्या चार पट्ट्या चारी बाजूंनी आणून मधे पांढरा चौक सोडायचा. चौक पेटल्यासारखा दिसतो, तरी तो शेजारच्या कागदाइतकाच पांढरा असतो. म्हणूनच पणती शेजारी पांढऱ्या अक्षरांत मजकूर ठेवू नकोस. "सस्नेह निमंत्रण" मंद सोनेरी कर, नाहीतर ते ज्योतीच्या बरोबरीने उजळ दिसेल आणि ज्योत विझेल.

आता या कामातला मला सगळ्यात आवडणारा भाग, पडलेला उजेड. नवा लेयर घे, पूर्ण काळ्याने भर आणि मोड कलर डॉज कर. लेयर दिसेनासा होईल, कारण या मोडमध्ये काळा म्हणजे काहीही न करणं. ओपॅसिटी पूर्ण ठेवून तिच्यासारखीच दुसरी पट्टी, फिल, मात्र निम्म्यावर आण. कलर डॉजमध्ये फिल आणि ओपॅसिटी वेगवेगळं वागतात आणि फिलचा परिणाम जास्त मऊ येतो. मग ब्रश घे: हार्डनेस शून्य, फ्लो (रंग सुटण्याचं प्रमाण) पाच ते आठ टक्के, आणि रंग गडद तपकिरी नारिंगी, लाल ११०, हिरवा ५५, निळा १५. रंग एवढा गडद कसा, असं वाटेल. कलर डॉज भागाकार करतो. फिल पूर्ण असेल तेव्हा या रंगाने खालचा लाल पावणेदोन पट होतो, हिरवा सव्वापट आणि निळा जवळजवळ आहे तेवढाच राहतो. फिल कमी केलं की हाच परिणाम सौम्य होतो. साडीचा काळा धागा काळाच राहतो, जरीचा उजळ धागा मात्र पेटून उठतो, त्यामुळे कापडाचा पोत जात नाही. साध्या नारिंगी ब्रशने तोच उजेड काढला तर साडीवर रंग सांडल्यासारखा दिसतो.

ब्रश कुठे फिरवायचा हे सॉफ्टवेअर सांगणार नाही. पणतीकडे तोंड असलेली प्रत्येक जागा शोध. तळहात, हनुवटीची खालची बाजू, नाकपुडीच्या कडा, भुवईच्या हाडाखालचा खळगा, मंगळसूत्राच्या मण्यांची खालची बाजू, बांगड्यांची आतली कड. दोन्ही डोळ्यांत एकाच बाजूला एक-एक बारीक ठिपका. बोटांच्या कडांना नारिंगी नको, लाल दे, कारण मांसातून पार होताना रक्तामुळे बाकीचे रंग शोषले जातात आणि लाल तेवढा उरतो. आणि जिथे पणतीचा उजेड पोचत नाही ती जागा अजून गडद कर: डोक्याचा मागचा भाग, पाठ, पदराची पाठमोरी घडी.

इथे तुला एक नावडती गोष्ट सांगायला हवी. बाईचा फोटो वरून आलेल्या उजेडात काढलेला आहे. नाकाची सावली ओठाकडे पडलीय. पणती खाली असताना ती वर, कपाळाकडे पडायला हवी. हे ब्रशने दुरुस्त करता येतं, पण दोन दिवस जातात आणि तरीही चेहरा ओळखीचा राहत नाही. त्यापेक्षा घरातल्या कुणालाही साडी नेसवून, अंधाऱ्या खोलीत खरी पणती हातात देऊन नवा फोटो काढ. मोबाइल कशावर तरी टेकवून ठेव, फ्लॅश बंद, आणि लेन्स आधी पदराने नीट पूस. बोटाचा तेलकट डाग असला तर वलय फोटोतच वेडंवाकडं येतं. अशा फोटोवर निम्मं काम आयतं झालेलं असतं. मी स्वतः कितीतरी वर्षं आयते फोटो डाउनलोड करून त्यांच्याशी झगडत बसलो, आणि ते दिवस वाया गेल्याची मला आजही हळहळ वाटते.

मागच्या रांगेतल्या पणत्यांसाठी फार वेळ घालवू नकोस. तीन वेगवेगळ्या करून घे, त्याच लहानमोठ्या करून पसर. लांबच्या पणतीला ज्योतीचा आकारही नको, ठिपका आणि छोटं वलय पुरे. फक्त पाण्यातल्या प्रतिबिंबाकडे लक्ष दे. तू ते तिरपं काढलं आहेस. त्रिपुरीच्या संध्याकाळी सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेच्या काठावर उभी राहिलीस तर दिसेल, की पाण्यातला उजेडाचा पट्टा दिव्याच्या सरळ खालून निघतो आणि थेट आपल्याकडे येतो. आपण चार पावलं सरकलो तर तोही आपल्याबरोबर सरकतो. म्हणून चित्रात तो उभाच हवा. वलयाची प्रत उभी उलटी कर, ९० अंशांचा मोशन ब्लर दे, आडव्या लाटांच्या रेघांनी तोड आणि मूळ ज्योतीपेक्षा जरा लाल आणि मंद ठेव.

मग छपाई. काम सगळं आरजीबीमध्येच, म्हणजे मॉनिटरच्या लाल-हिरव्या-निळ्या रंगांत कर. सीएमवायकेमध्ये, म्हणजे छपाईच्या चार शायांत नेताना आधी फाइलची एक प्रत काढून तिचे लेयर फ्लॅटन कर (सगळे मिळून एक कर), कारण स्क्रीन आणि डॉजची गणितं शाईच्या आकड्यांवर वेगळी येतात. नंतर इन्फो पॅनेल उघडून वलयावर माउस फिरव. माझा नियम एकच: वलयात सायन शून्य. बाकीचे आकडे टक्क्यांत: आत पिवळा १० पर्यंत. मग मॅजेंटा १५, पिवळा ७०. मग मॅजेंटा ५५, पिवळा १००. मग मॅजेंटा ९०, पिवळा १०० आणि काळा २०. या पायऱ्यांत कुठेही सायन दिसला की सिलेक्टिव्ह कलरमध्ये यलो आणि रेड निवडून तो काढून टाक. हळदीचा पिवळा आणि शेंदरी हे फ्लेक्सच्या शाईत फार सुंदर उतरतात, ही आपली सोय आहे. झगझगीत निळा, पोपटी किंवा गुलाबी निऑन ग्लो मात्र चार शायांत मावतच नाही. गिऱ्हाइकाने मोबाइलवरचं चित्र दाखवून तसा मागितला तर आधीच सांगावं.

काळा भरताना चारही शाया शंभर-शंभर करू नकोस. ४०० टक्के शाई वाळत नाही आणि बॅनर गुंडाळला की चिकटतो. बॅकलिट फ्लेक्सचं काम असेल तर हे सगळं बदलतं, कारण तिथे मागे दिवे असतात आणि कोरं कापड खरोखरच उजेड देतं. तिथे रंग अधिक दाट लागतो.

वलयात पायऱ्या दिसतात, त्याचंही कारण ऐक. आठ बिटच्या फाइलमध्ये प्रत्येक रंगाला २५६ पायऱ्या. तुझं बाहेरचं वलय समज १० पासून ६० पर्यंत चढतं आणि ३००० पिक्सेलवर पसरलंय. म्हणजे ५० पायऱ्या, एक पायरी ६० पिक्सेलची, फ्लेक्सवर पाऊण इंचाहून रुंद. ती दिसणारच. फाइल सोळा बिटमध्ये नेली तर काम करताना त्रास कमी होतो, पण आठ बिटलाच ही फाइल लेयर न धरता पावणेदोनशे एमबीच्या आसपास आहे, सोळाला दुप्पट, आणि तुझ्या दुकानातला कॉम्प्युटर रडेल. म्हणून सरळ शेवटी वलयावर दोन टक्के नॉइज (बारीक दाणे) टाक, मोनोक्रोमॅटिकची खूण करून. दहा फुटांवरून नॉइज दिसत नाही, पायऱ्या मात्र मोडतात.

निऑन अक्षरांबद्दल तू शेवटी ओझरतं विचारलं आहेस. पद्धत हीच: अक्षराचा गाभा जवळजवळ पांढरा, भोवती दाट रंग, मग मागच्या भिंतीवर पडलेला पसरट उजेड. पण देवनागरीची अडचण वेगळी आहे. शिरोरेषा सगळ्या अक्षरांना जोडते, त्यामुळे तिचा ग्लो खाली उतरून अक्षरांची पोटं भरून टाकतो. "श्री", "क्ष", "द्ध" वाचता येत नाहीत, अनुस्वार वेलांटीला चिकटतो आणि "गणेशोत्सव" मधली मात्रा पेटलेल्या दोरीसारखी दिसते. म्हणून एकसारख्या जाडीचा फॉन्ट घे. मुक्ता मोफत मिळतो आणि चांगला चालतो. अक्षरांत अंतर थोडं वाढव. दाट वलयाची त्रिज्या अक्षराच्या रेघेच्या जाडीपेक्षा जास्त नको. मोठं वलय हवंच असेल तर ते अक्षरांच्या मागच्या लेयरला दे, पुढची अक्षरं स्वच्छ राहू देत.

फोटोशॉप नसेल तर ब्राउझरमध्ये चालणारं फोटोपी जवळजवळ सगळं हेच करतं. गिंप या मोफत सॉफ्टवेअरच्या २०१८ सालच्या २.१० आवृत्तीपासून लेयरची बेरीज प्रकाशाच्या खऱ्या प्रमाणात करण्याची सोय आहे, त्यामुळे तिथे वलयाचा उतार जास्त नैसर्गिक येतो. हे आकडे तिथे जसेच्या तसे लावू नकोस, ओपॅसिटी डोळ्याने ठरव. कोरलड्रॉमध्ये ग्लो करूच नये असं माझं मत आहे. तिथे ग्लोसाठी वापरतात तो ड्रॉप शॅडो आधी मल्टिप्लाय या गडद करणाऱ्या मोडमध्ये असतो, म्हणून काळ्यावर पिवळा ग्लो दिसत नाही, आणि तो बदलला तरी छापताना कधी कधी ग्लोभोवती चौकट उमटते. चित्र पूर्ण करून, फ्लॅटन करून कोरलमध्ये आण आणि तिथे फक्त मजकूर ठेव.

छापायला देण्याआधी फाइलची प्रत ग्रेस्केल करून बघ. रंग गेल्यावरही पणती पेटलेली दिसली पाहिजे. दिसत नसेल तर रंग वाढवू नकोस, अंधार वाढव. मग पणती, हात आणि हनुवटी येईल अशी फूटभर रुंद, चार फूट उंच पट्टी मूळ आकारातच कापून छापून घे. खर्च थोडा येतो, पण अख्खा फ्लेक्स पुन्हा छापण्यापेक्षा कितीतरी कमी. ती पट्टी दुकानाबाहेर टांग, रस्त्याच्या पलीकडे जाऊन एकदा भर दुपारी आणि एकदा दिवेलागणीला बघ. दीपोत्सवाला लोक संध्याकाळीच येणार आहेत, तेव्हा निर्णय संध्याकाळच्या पट्टीवर घे. दोन्ही वेळचे फोटो मला पाठव. त्यात बाईचा तळहात आधी दिसला आणि ज्योत नंतर, तर उरलेला फ्लेक्स बिनधास्त छापायला टाक.